हरणांच्या वाट्याचा अर्धा एकर: पेनसिल्व्हेनियात आच्छादन पिकांचं एक वर्ष

आप्पा पहिल्यांदा इकडे आले तेव्हा जुलै चालू होता. घरामागच्या उतारावर कमरेइतकं वाढलेलं पीक त्यांनी हातात धरलं, पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाले, "हा तर आपला ताग की रे. गाडायचा कधी?" मी म्हटलं, "गाडायचा नाही आप्पा, हरणांना घालायचाय." ज्या माणसानं सोलापूरच्या रानात काळविटांपासून ज्वारी राखण्यात अर्धं आयुष्य घालवलं, त्याचा मुलगा साता समुद्रापार येऊन हरणांसाठी पेरतोय, हे पचायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खुरपं मागून घेतलं.

तागाच्या पोत्यावर इथे 'सन हेंप' असं छापलेलं असतं. त्यातला 'सन' म्हणजे सूर्य नव्हे, आपला शण. चवळी 'काऊपी' नावानं मिळते, बाजरी 'पर्ल मिलेट' म्हणून. अमेरिकेत वन्यप्राण्यांसाठी जे छोटे तुकडे पेरतात, ज्यांना इथे फूड प्लॉट म्हणतात, त्यांच्या उन्हाळी मिश्रणात निम्मी पिकं आपल्या ओळखीची निघतात. इथे चार-पाच एकर घेऊन बसलेली बरीच मराठी कुटुंबं हरणं आणि रानटी टर्की दिसाव्यात म्हणून असा तुकडा करू पाहतात आणि पहिल्याच वर्षी फसतात. मीही फसलो होतो. म्हणून हे जरा सविस्तर: माती झाकून सुधारणारी आच्छादन पिकं घेऊन असा तुकडा वर्षभर कसा राखायचा ते. तारखा मध्य पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या आहेत. व्हर्जिनियाकडे असाल तर शरदातली पेरणी दोनेक आठवडे पुढे ढकला, न्यूयॉर्कच्या उत्तरेला असाल तर तेवढीच अलीकडे आणा.

आधी एक खुलासा

हरणं वाढवण्यासाठी हे करू नका. पांढऱ्या शेपटीचं हरीण हा पेनसिल्व्हेनियाचा अधिकृत राज्यप्राणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथून जवळपास संपलं होतं, 1906 मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडावी लागली. आज उलटं झालंय. कित्येक जंगलांत जमिनीलगतची कोवळी झाडं हरणांनी खाऊन टाकलीत आणि त्या जागी त्यांना न आवडणाऱ्या नेच्यांची गादी पसरली आहे. त्यामुळे तुकड्याचा हेतू ठरवताना माती सुधारणं पहिलं, किडे-पाखरं दुसरं आणि हरणं तिसरी, असा क्रम मी धरतो. गंमत अशी की या क्रमानं गेलं की हरणंही जास्त टिकून चरतात.

मक्याचे ढीग घालू नका. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. हिवाळ्यात काटक्या-कळ्या खाणाऱ्या पोटात एकदम स्टार्चचा भडिमार झाला की आम्लता होऊन ते मरूही शकतं. शिवाय एका ढिगावर दहा तोंडं लागली की रोग पसरतो. इथल्या हरणांत मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, त्यामुळे ही भीती नुसती कागदावरची नाही. ढीग घालणं आणि पीक पेरणं यांत कायदाही फरक करतो, पण नियम राज्यागणिक बदलतात. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं चालू वर्षाचं नियमपत्रक आधी वाचा.

पायरी 1: जागा

अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, हातानं झेपतं. त्याहून लहान तुकडा घेतला तर कोवळं पीक तीन पानांवर असतानाच साफ होतं. दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवं. दक्षिणेचा उतार उन्हाळ्यात लवकर सुकतो, तळातली जागा पाणी धरते आणि तिथे दंव आधी पडतं, म्हणून मधला पट्टा बरा. रस्त्यापासून लांब राहा. गाडीखाली येणारी हरणं इथे काही कमी नाहीत, त्यात आपली भर नको.

गोचिडांचं आत्ताच सांगून टाकतो. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनिया देशात अगदी वरच्या नंबरात असतं. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी करा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा.

पायरी 2: माती आणि चुनखडी

इथेच सगळं ठरतं आणि इथेच लोक कंटाळा करतात. बियाण्याच्या पिशवीवर बारा शिंगांचं हरीण छापलेलं असतं, माती परीक्षणाच्या पाकिटावर काहीच नसतं. पण आधी पाकीटच आणा. पेन स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा माती तपासून देते आणि प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचं विस्तार केंद्र असतं, तिथे किट मिळतं. आपल्या कृषी विज्ञान केंद्रासारखंच समजा. तुकड्याच्या दहा-बारा ठिकाणांहून सहा इंच खोलीची माती घ्या, बादलीत एकत्र करा, सावलीत सुकवा आणि त्यातली वाटीभर पाठवा. अर्जात पिकाच्या रकान्यात क्लोव्हर लिहा, म्हणजे मुळांवर गाठी धरणारं चाऱ्याचं पीक.

सोलापूरच्या काळ्या रानात चुनखडी जास्त असते, म्हणून सामू (पीएच) आठाच्या वर आणि पिकं लोहाअभावी पिवळी. इथे नेमकं उलटं आहे. पावसानं चुना धुऊन गेलेली, जंगलाखालची आम्लधर्मी जमीन. सामू पाच-साडेपाच आला तर दचकू नका. क्लोव्हरला 6 ते 7 च्या मधला लागतो. त्याखाली मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत, घातलेलं स्फुरद अडकून बसतं आणि खताचे पैसे मातीत जातात, तेही वाईट अर्थानं.

चुना म्हणजे विड्याचा चुना नव्हे. शेतीची चुनखडी, दळलेला दगड. अहवालात एकरी दोन टन लिहून आलं तर अर्ध्या एकराला एक टन, म्हणजे 2000 पौंड, म्हणजे 40 पौंडांच्या 50 गोण्या. मी हा गुणाकार दुकानात उभा राहून केला आणि गाडी दोन वेळा आणली. चुनखडीला काम करायला पाच-सहा महिने तरी लागतात, म्हणून पेरणीच्या आदल्या शरदात टाका आणि जमेल तितकी वरच्या तीन-चार इंचांत मिसळा. ही मशागत आणि पायरी 3 मधली गवतमोड मी एकदाच करतो. त्यानंतर माती पुन्हा उलटायची नाही.

पायरी 3: जुनं गवत मोडणं

पडीक तुकड्यावर बहुधा फेस्क्यू गवताची घट्ट गादी असते. ती जिवंत ठेवून वर बी फोकलं तर ते बी पक्ष्यांना टाकल्यासारखंच. दोन रस्ते आहेत. एक तणनाशक, इथले बहुतेक जण ग्लायफोसेट वापरतात. दुसरा मी घेतला तो: मे महिन्यात गवत तळापासून कापायचं, उथळ डिस्क मारायची, दोन आठवडे थांबायचं, उगवून आलेलं पुन्हा मोडायचं आणि लगेच दाट पेरायचं. वेळ जास्त लागतो आणि उतारावर तेवढ्या काळात जोराचा पाऊस आला तर माती वाहते. उतार तीव्र असेल तर अर्धा पट्टा या वर्षी, अर्धा पुढच्या वर्षी, असं आडवं करा. बांधाची सवय असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पायरी 4: उन्हाळी पेरणी

मे महिन्याच्या मध्यापर्यंत इथे दंव पडू शकतं. ताग, चवळी, बाजरी ही सगळी उबेची पिकं. सकाळी दोन इंच खोलीवर मातीचं तापमान 18 अंश सेल्सिअस लागलं की पेरा. स्वयंपाकघरातला मांसाचा थर्मामीटर चालतो, फक्त तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका. माझी तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात पडते.

अर्ध्या एकरासाठी माझं मिश्रण, पौंडांत, कारण पोती पौंडातच येतात:

- बकव्हीट, म्हणजे उपासाचा कुट्टू: 15
- चवळी: 15
- ताग: 4
- बाजरी: 2

कुट्टू चार-पाच दिवसांत उगवतो, महिन्याभरात फुलतो आणि जमीन झाकून तण दाबतो. त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या, माश्या, भुंगे असे तुटून पडतात की त्यांच्या मागे टर्कीची पिल्लं आलीच. पिल्लांना पहिले काही आठवडे दाण्यापेक्षा किडे जास्त लागतात. चवळी हरणांचा जीव की प्राण. बाजरी आणि ताग तिला आधार देतात आणि थोडं लपवतातही. तागाचं कोवळं पान हरणं खातात, खोड दोरखंडासारखं होऊन उरतं. इथे दंव पडण्याआधी ताग बी धरत नाही, त्यामुळे तो तण होऊन बसण्याची भीती नाही.

चवळी आणि ताग दोघांना रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, एकच संवर्धन चालतं, पाकिटावर 'काऊपी' गट लिहिलेला असतो. क्लोव्हरचं वेगळं असतं आणि ते इथे चालत नाही. बी किंचित ओलं करा, पूड चोळा, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पेरा. गावाकडे गुळाच्या पाण्यात जे करतो तेच.

हातानं फिरवायचं पेरणीयंत्र गळ्यात अडकवा. बियाणं दोन वाट्यांत करा, एक उभं चालून फेका, दुसरं आडवं. बारीक बी वाळूत मिसळा, नाहीतर पहिल्या कोपऱ्यातच संपतं. चवळीचं बी मोठं असल्यामुळे नुसतं वर पडून उगवत नाही, त्यावर साखळीची जाळी किंवा जुना पलंगाचा स्प्रिंग ओढा, इंचभर माती आली की पुरे. मग रोलर. नसेल तर छोट्या ट्रॅक्टरची चाकं एकाला एक लावून फिरवा, बी मातीला चिकटलं पाहिजे.

चवळी पहिल्या तीन आठवड्यांत साफ होत असेल तर तुकड्याभोवती तात्पुरती विजेची तार लावा आणि पीक गुडघ्याला आलं की काढा. पहिल्या वर्षी मी तार लावली नाही. 22 जूनला चवळी होती, 29 ला नव्हती.

पायरी 5: ऑगस्टअखेर, न नांगरता पेरणी

या पद्धतीला इथे 'थ्रो अँड मो' म्हणतात: आधी बी फेका, मग वरचं पीक कापून किंवा आडवं करून त्यावर टाका. उभ्या पिकाचंच आच्छादन होतं. पाऊस थेट मातीवर आदळत नाही आणि ओल टिकते. आपल्या धूळवाफ पेरणीसारखाच यात पावसाचा अंदाज महत्त्वाचा. 15 ते 25 ऑगस्टच्या दरम्यान दोन दिवसांत पाव इंचापेक्षा जास्त पाऊस सांगितला असेल तेव्हाच हात घाला. वाट पाहावी लागली तर पाहा.

अर्ध्या एकराला:

- राय धान्य: 30
- ओट: 20
- लाल क्लोव्हर: 5
- डायकॉन मुळा: 2

एक चूक मात्र करू नका. राय धान्य आणि रायग्रास ही दोन वेगळी पिकं आहेत. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, आणि रायग्रास हे गवत, जे एकदा लागलं की काढता काढता नाकी नऊ येतात. हरणांची चित्रं छापलेल्या स्वस्त मिश्रणांत ते सर्रास भरलेलं असतं. पिशवीमागची बारीक अक्षरांतली पट्टी वाचा. त्यात प्रत्येक जातीची टक्केवारी, उगवणशक्ती आणि तणबियांचं प्रमाण लिहिणं बंधनकारक आहे. क्लोव्हरच्या बियांवर लेप असेल तर वजनाचा तिसरा हिस्सा लेपाचाच असू शकतो, त्या हिशेबानं जास्त घ्या. मी तर आता चारही बियाणी सुटी आणतो आणि टबमध्ये मिसळतो.

कापताना फार बारीक तुकडे करू नका. लांब काड्या हळू कुजतात आणि खालून कोंब वर येऊ देतात. आच्छादन चार बोटांपेक्षा जाड झालं तर क्लोव्हर गुदमरतो, तिथे दाताळ्यानं विस्कटा. कुट्टूचे काही दाणे तोवर पिकून गळालेले असतील. ते सप्टेंबरमध्ये पुन्हा उगवतील आणि पहिल्या दंवात मरतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

चौघांची कामं वाटलेली आहेत. ओट लवकर वाढतो, ऑक्टोबरभर खाल्ला जातो आणि कडाक्याच्या थंडीत मरून क्लोव्हरवर पांघरूण होतो. मुळा हातभर खोल जातो. आधी हरणं पाला खातात, मग जमिनीबाहेर आलेला मुळ्याचा कंद कुरतडतात. हिवाळ्यात तो कुजला की त्याच्या जागी भोक राहतं, वसंतातलं पाणी त्यातून खाली मुरतं. कुजताना वास येतो, शेजाऱ्यांनी गॅसगळती झाली का म्हणून विचारलं तर घाबरू नका. मुळा, सलगम, मोहरीवर्गातलं काहीही एकाच जागी दोन वर्षांपेक्षा जास्त सलग घेऊ नका, मुळांचे रोग मातीत बसतात.

आणि राय. मातीचं तापमान शून्याच्या जरासं वर असलं तरी हे उगवतं. सप्टेंबरच्या शेवटी जिथे जागा रिकामी दिसेल तिथे आणखी दहा पौंड फेका. बर्फाखालून हिरवं डोकावणारं ते एकटंच असतं, आणि मार्चमध्ये जंगलात काहीच नसताना हरणं त्यावरच असतात.

पायरी 6: हिवाळा

काम फारसं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेजारपाजारच्या रानात शिकारी असतात. बंदुकीच्या हंगामात कायद्यानं शिकाऱ्यांना डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी घालावं लागतं. आपण शिकारी नसलो तरी तुकड्याकडे जाताना घालावं, मुलांनाही घालावं. जमिनीवर शिकारीला परवानगी द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न. आमच्या घरी यावरून वाद झाला, शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्याला धनुष्यबाणापुरती दिली.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सैल होते त्या दिवसांत, क्लोव्हर विरळ असेल तिथे तीन पौंड बी नुसतं पसरा. मातीला पडलेल्या बारीक भेगा बी स्वतःच आत ओढून घेतात. पहाटे, गोठलेल्या जमिनीवर चाललं की बूटही चिखलत नाहीत.

पायरी 7: जाळीचा पिंजरा

हे खरं तर पहिल्याच पेरणीला करायचं. चार फूट उंच तारेची जाळी गोल वळवून तीन फूट रुंदीचे दोन पिंजरे करा आणि तुकड्यात खुंट्यांनी रोवा. आत हरीण तोंड घालू शकत नाही. आतलं आणि बाहेरचं पीक सारखंच मरतुकडं दिसलं तर दोष मातीचा किंवा पावसाचा. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल तर हरणं तुकड्याला झेपण्यापलीकडे आहेत. मग तुकडा वाढवा, राय-क्लोव्हरसारखी चरणं सोसणारी पिकं जास्त घ्या आणि चवळीचा नाद काही काळ सोडा. पिंजरा नसेल तर तुम्ही दर वर्षी बियाण्यालाच दोष देत बसाल.

पायरी 8: मे महिना, राय आडवं करणं

मे महिन्यात राय छातीपर्यंत येतं. कणसातून परागाची धूळ उडायला लागेपर्यंत थांबा. त्याआधी लोळवलं तर दोन दिवसांत पुन्हा उभं राहतं. दाणा दुधात भरला की मग ते मोडतं आणि मरतं. क्रिंपर म्हणजे पात्या लावलेला रूळ. तो भाड्यानं मिळाला नाही तर जाड फळीला दोर बांधून ती पायानं दाबत चालायचं. अर्ध्या एकराला एक दुपार आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या.

पिकलेल्या रायच्या काडात कर्ब फार, नत्र फार थोडं. ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, आणि त्यावर मका किंवा नुसती बाजरी पेरली तर ती पिवळी पडते. चवळी आणि ताग आपलं नत्र आपण बनवतात, म्हणून रायच्या मागे तेच. लाल क्लोव्हर खाली दोन-तीन वर्षं जिवंत राहतो. जिथे तो दाट आहे तिथे पेरायचंच नाही, नुसतं राय आडवं करून सोडून द्यायचं. दोन वर्षांनी त्या जागेचा बेवड बघा, फावडं मातीत कसं शिरतं ते हातालाच कळतं.

लोळवण्याआधी मात्र एक फेरी पायी मारा, आडव्या ओळींनी, काठीनं पीक बाजूला करत. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला हरणी वितात आणि पाडस अशाच उंच, दाट पिकात ठेवून चरायला जातात. धोका जाणवला तर पाडस पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित पडतं. टर्कीची घरटीही जमिनीवरच असतात. पाडस दिसलं तर हात लावू नका, ते अनाथ नसतं, आई संध्याकाळी येते. त्याच्या भोवतालचा पट्टा तसाच उभा ठेवा आणि आठवडाभरानं या. आप्पा दुसऱ्यांदा आले ते मे महिन्यात, तेव्हा ही फेरी त्यांनी मारली. रायच्या मधोमध थांबले, हात वर करून मला तिथेच थांब म्हणून खूण केली आणि आल्या पावली मागे आले. त्या वर्षी मधला तीन गुंठ्यांचा तुकडा जूनच्या पंधरवड्यापर्यंत उभाच राहिला, आणि तिथली चवळी उशिरा पेरावी लागली.